आधी प्रोग्राम बदला, मग सिस्टीम

मंडळी, विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट, म्हणजे सुरक्षा अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरातला कॉम्प्युटर धडधाकट आहे, पण विंडोज ११च्या अटींत बसत नाही, अशांसाठी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम हा चांगला मार्ग आहे. ४ जीबी रॅमवर तो चालतो. ब्राउझर सुसह्य हवा असेल तर ८ जीबी असलेली बरी.

पण लगेच इन्स्टॉल करायला बसू नका. आधी विंडोजवरच लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं), फायरफॉक्स (ब्राउझर), थंडरबर्ड (ईमेलसाठी) आणि व्हीएलसी (व्हिडिओ-गाण्यांसाठी) घ्या आणि दोन-तीन आठवडे रोजचं काम त्यांतच करा. हे चारही लिनक्सवर मिळतात. माणूस वैतागतो तो एकाच दिवशी सगळंच बदलल्यामुळे. सिस्टीम बिचारी फुकट बदनाम होते. कशावाचून अडतं तेही याच काळात कळतं. टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम लिनक्ससाठी निघत नाही. हिशेब त्यातच ठेवत असाल, तर ते मशीन विंडोजवरच राहू द्या.

मग ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घेऊन रूफस या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या प्रोग्रामने त्यावर मिंट चढवा. त्यावरचं जुनं सगळं पुसलं जातं. त्यावरून कॉम्प्युटर सुरू केला की इन्स्टॉल न करताच मिंट वापरता येतं. तासभर वापरा. वायफाय, आवाज, माइक तपासा. लॅपटॉपचं झाकण मिटून उघडल्यावर तो जागा होतो का बघा. प्रिंटर तर लावून बघाच. आपल्याकडे दुकानादुकानांत दिसणारा कॅनन एलबीपी २९०० इथे हटकून छळतो.

विंडोज आणि मिंट दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर ठेवणार असाल, तर आधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा; कित्येकांना तो चालू आहे हेच माहीत नसतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि लिनक्समधून ते ड्राइव्ह फक्त वाचता येतात, त्यांवर लिहिता येत नाही. पुढे विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘timedatectl set-local-rtc 1’ ही आज्ञा दिली की झालं. 

आता मराठी. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘आयबस-एम१७एन’ (ibus-m17n) हा भारतीय भाषांत टाइप करायचा प्रोग्राम घ्या, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या, आणि आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीची सवय असेल तर बोटांना काहीच नवं शिकावं लागत नाही. मंगल हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा असल्यामुळे मिंटमध्ये नसतो. त्यात लिहिलेली फाइल उघडली की त्याजागी दुसरा फॉन्ट येतो, ओळी सरकतात, दहा पानांची अकरा होतात. म्हणून छापायला द्यायचं ते पीडीएफ करूनच द्या. कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधल्या फायलींचं दुखणं वेगळं. त्यांत मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. तो नसला की नुसती अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. अशा फायली विंडोज हाताशी असतानाच युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत) बदला आणि जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटी मूळ प्रतीशी ताडून बघा. कन्व्हर्टर नेमके तिथेच चुकतात.