वराहपालनाचा नफा ठरतो पहिल्या तीन दिवसांत

नमस्कार, शेतकरी मित्रहो.

वराहपालनात नफा कशात आहे, असं विचारलं की बहुतेक जण बाजारभावाकडे बोट दाखवतात. भाव आपल्या हातात नसतो. एका वेतातली किती पिल्लं दूध तोडेपर्यंत जगतात, हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं आणि माझ्या मते धंद्याचा सगळा हिशेब तिथेच आहे.

डुकरीण 114 दिवसांनी विते. नीट सांभाळली तर वर्षाला दोन वेतं देते, वेताला आठ-दहा पिल्लं. त्यातली सहाच वाचली, तर गाभणकाळात आईला घातलेल्या सगळ्या खुराकाचा खर्च त्या सहांच्या डोक्यावर बसतो.

नुकतं जन्मलेलं पिल्लू हातात घेऊन बघा. जेमतेम सव्वा-दीड किलो, कातडीखाली चरबी जवळपास नाहीच. त्याला 32 ते 35 अंशांची ऊब लागते, आईला मात्र 20 अंशांच्या आसपासचा गारवा. ऊब शोधत ते आईच्या पोटाला बिलगतं, ती कूस बदलते आणि ते अंगाखाली सापडतं. मरतुकीचा मोठा भाग पहिल्या तीन दिवसांतच होतो. म्हणून भिंतीलगत आडवा दांडा लावा, कोपऱ्यात कोरडा पेंढा आणि वर दिवा ठेवा. विण्याच्या रात्री, कृपा करून, जागे राहा. प्रत्येक पिल्लाच्या पोटात लवकर चीक, म्हणजे विल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, गेला पाहिजे. अशक्त पिल्लाला पुढच्या सडाला लावा, तिथे दूध जास्त असतं. आईच्या दुधात लोह कमी, त्यामुळे तिसऱ्या दिवशीचं लोहाचं इंजेक्शन चुकवू नका.

दूध तोडल्यावर चार ते सात दिवसांत डुकरीण माजावर येते, म्हणजे पुन्हा गाभण राहायला तयार होते. तो माज हुकला की पुढचा येईपर्यंत 21 दिवस तिला फुकट खाऊ घालायचं.

खुराकावर एकूण खर्चाच्या साठ-सत्तर टक्के जातात. जनावर शंभर किलोच्या आसपास आलं की पुढचा खुराक मांसापेक्षा चरबीत जास्त जातो. तेव्हा वजन करत राहा आणि वेळेवर विका.

आणि आफ्रिकन स्वाइन फीवर, डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग. त्याला औषध नाही. एकदा शिरला की वाडा रिकामा होतो. बाहेरच्या माणसाला आत घेऊ नका, खरकटं घालणं टाळा, नवीन जनावर महिनाभर वेगळं बांधा. स्वतःचे बूटही वाड्यासाठी वेगळे ठेवा, दाराशीच.