अगस्तीच्या शेजारची चांदणी

नमस्कार श्रोतेहो. आज आपल्याला आकाशाच्या पार दक्षिणेला जायचंय, नौकातल नावाच्या तारकासमूहात. जगभर याला कॅरिना म्हणतात. नाव ऐकलं नसेल तरी यातला एक तारा तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तो म्हणजे अगस्ती. समुद्र पिऊन टाकणाऱ्या, विंध्याला वाकायला लावणाऱ्या ऋषींचा तारा. अगस्ती उगवला की पाणी निवळतं असं आपल्याकडे म्हणतात ना, तोच हा. आणि रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी तारा हाच. लक्षात ठेवा, पहिला व्याध, दुसरा अगस्ती.

शोधायला अगदी सोपा आहे. फेब्रुवारीत रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, वर व्याध झगझगत असेल, तिथून हात लांब करून जवळजवळ दोन वीत खाली उतरलात की क्षितिजाच्या थोडा वर एक ठळक तारा एकटाच दिसतो, तो अगस्ती. मुंबईतून हा फार तर १८ अंश वर चढतो, कोल्हापुरातून २० च्या जरा वर, गोव्यातून अजून थोडा, दिल्लीकरांना मात्र जेमतेम ९ अंश. तारा आपल्यापासून सुमारे ३०० प्रकाशवर्षं लांब आहे आणि तरीही एवढा चमकतो, म्हणजे प्रत्यक्षात तो सूर्याच्या दहा हजार पटींहून तेजस्वी आहे. अंतराळयानांना दिशा धरायला हा तारा फार उपयोगी पडला, मंगळाकडे गेलेल्या मरीनर ४ यानात तर अगस्तीवर नजर ठेवणारं खास उपकरण होतं.

इथे एक सांगून टाकते, हे गावोगावचे हायमास्ट दिवे मला अजिबात पटत नाहीत. उजेड हवा, रस्त्यावर हवा, पण तो जमिनीवर पडायला हवा. अर्धा उजेड आभाळात जातो, वीजबिल ग्रामपंचायत भरते आणि दक्षिणेकडचे हे खालचे तारे पहिल्यांदा पुसले जातात. दिव्यावर साधं झाकण बसवलं तरी काम होतं.

असो. तर नौकातल. हा तारकासमूह पूर्वी एका मोठ्या जहाजाचा भाग होता. ग्रीकांचं आर्गो नावाचं जहाज, टॉलेमीच्या ४८ तारकासमूहांपैकी एक, आणि एवढं अवाढव्य की कुठला तारा कुठे आहे हे सांगणं कठीण. मग लाकाय नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १७५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपला गेला, आपल्या अंगठ्याच्या नखाहून मोठं भिंग नसलेल्या दुर्बिणीतून त्यानं जवळजवळ दहा हजार ताऱ्यांच्या जागा मोजल्या, आणि त्यानंच या जहाजाचे भाग पाडले. तळ तो कॅरिना, मागची बाजू पपिस, शीड ती व्हेला. ग्रीक अक्षरं मात्र सगळ्या जहाजाला मिळून एकदाच दिलेली, त्यामुळे अल्फा आणि बीटा दोन्ही तळाकडे आले आणि पपिसची सुरुवातच थेट झीटापासून होते.

आता मला जे सांगायचंय ते. जॉन हर्शेल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट. ही मी कितीही वेळा सांगू शकते.

जॉनचे वडील विल्यम हर्शेल, १७८१ मध्ये युरेनस शोधणारे. त्यांनी इंग्लंडमधून दिसणारं सगळं आकाश दुर्बिणीनं पिंजून काढलेलं. पण इंग्लंडमधून दक्षिणेचं आकाश दिसतच नाही, ते काम राहिलं होतं. मुलानं ठरवलं की आपण ते पुरं करायचं. सरकारी पैसा न घेता, स्वतःच्या खर्चानं, बायको मार्गारेट, तीन लहान मुलं आणि २० फुटी दुर्बीण घेऊन तो नोव्हेंबर १८३३ मध्ये केपच्या जहाजात बसला. जहाजाचं नाव काय माहितीये? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन! म्हणजे आपल्या मुंबईचा गव्हर्नर, खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्यात रेसिडेंट असलेला तोच एल्फिन्स्टन. आपण एल्फिन्स्टन म्हटलं की कॉलेज आणि रेल्वे स्टेशन आठवतो, पण दक्षिणेच्या आकाशाचा एवढा मोठा सर्व्हे या नावाच्या जहाजातून गेला.

जानेवारी १८३४ मध्ये ही मंडळी केपला पोचली, टेबल माउंटनच्या पायथ्याशी फेल्डहाउसेन नावाची जागा घेतली, झाडांच्या मधोमध दुर्बीण उभी केली. दुर्बिणीतला आरसा १८ इंची, आणि काचेचा नाही हं, तांबं आणि कथिल मिसळून ओतलेला धातूचा. तो हवेनं काळवंडायचा. म्हणून हर्शेलनं तीन आरसे नेले होते, एक काळा पडला की दुसरा बसवायचा आणि पहिला पुन्हा घासून घासून चकचकीत करायचा, आणि हे घासकाम तो स्वतः करायचा. चार वर्षं हेच. रात्री निरीक्षण, दिवसा हिशोब, मधेच आरशाला पॉलिश.

आणि या चार वर्षांत त्यानं सगळ्यात जास्त जीव ओतला तो नौकातलातल्या एका तेजोमेघावर, म्हणजे वायू आणि धुळीच्या चमकत्या ढगावर. आज आपण त्याला कॅरिना नेब्युला म्हणतो. त्याच्या मधोमध एक तारा, ईटा. ताऱ्याचं तेज प्रतीत सांगतात, प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. तेव्हा तो पहिल्या आणि दुसऱ्या प्रतीच्या मधला होता, म्हणजे चांगला ठळक पण फार काही नाही. हर्शेलनं या तेजोमेघाचं चित्र काढायला घेतलं, त्यातल्या हजाराहून जास्त ताऱ्यांच्या जागा एकेक करून मोजल्या, कागदावर आधी चौकटी आखायच्या, मग त्यात तारे भरायचे, मग त्यांच्यामधला धूसर उजेड. यात कित्येक महिने गेले. तो स्वतः लिहून ठेवतो की हे सगळे बारकावे कधीतरी कागदावर उतरतील का या विचारानं दुर्बिणीशी बसल्या बसल्या निराशा यायची. म्हणजे आकाशाचा तो तुकडा त्याला तोंडपाठ होता. हे लक्षात ठेवा, तोंडपाठ होता.

आता तारीख ऐका, १६ डिसेंबर १८३७. परतीचे वेध लागलेत, काही महिन्यांत इंग्लंडला निघायचंय. त्या दिवसांत तो दुर्बीण न लावता, नुसत्या डोळ्यांनी ताऱ्यांचं तेज एकमेकांशी ताडून बघत होता. त्या रात्री आग्नेयेकडे त्याची नजर गेली आणि तिथे पहिल्या प्रतीचा एक झगझगीत तारा, जिथे असा तारा असायलाच नको! त्याचा क्षणभर विश्वास बसला नाही. त्यानं नकाशा काढून ताडून पाहिलं. तर तो कुणी नवा तारा नव्हता, ती त्याची जुनी ओळखीची ईटाच होती, तेज जवळजवळ तिप्पट झालेली.

मग त्यानं काय केलं, तर एकेका ताऱ्याशी तिची तुलना. रोहिणीपेक्षा कितीतरी जास्त. प्रश्वापेक्षा नक्की जास्त. काक्षीपेक्षा जास्त. व्याध आणि अगस्ती सोडले तर तिच्या बरोबरीला येणारा एकच तारा उरला, राजन्य. जानेवारी १८३८ च्या सुरुवातीला ती अजून चढली, तेजानं नरतुरंग तारकासमूहातल्या मित्र नावाच्या ताऱ्याच्या जवळ आली आणि मग उतरायला लागली. मार्चमध्ये हर्शेल कुटुंब जहाजात बसलं, जाताना तीन मुलं होती, परतताना सहा.

आणि खरी चुटपुट पुढे आहे. १८४३ चा मार्च महिना. दक्षिणेकडे तेव्हा एक प्रचंड शेपटीचा धूमकेतू दिसत होता, सगळ्यांचे डोळे तिकडेच, आणि तेव्हा ईटा पुन्हा भडकली. यावेळी ती अगस्तीच्याही पुढे गेली, आकाशात तिच्यापेक्षा तेजस्वी तारा फक्त व्याध उरला. आणि हर्शेल कुठे, तर इंग्लंडमध्ये, जिथून ईटा कधीच उगवत नाही! चार वर्षं ज्यानं तिची बित्तंबातमी ठेवली, त्याला तिचं सर्वात मोठं तेज बघायला मिळालंच नाही. त्याला ते पत्रांतून कळलं. केपहून मॅक्लिअर या खगोलशास्त्रज्ञानं कळवलं, आणि दुसरं पत्र आलं ते हिंदुस्थानातून, कलकत्त्याहून मॅके नावाच्या पाद्र्यांचं, की ईटा अगस्तीच्या तोडीची झालीये आणि रंगानं स्वातीसारखी दिसतेय.

विचार करा, कलकत्त्याहून ती क्षितिजावर जेमतेम आठ-नऊ अंश वर येत असेल, कोकण किनाऱ्यावरून तर त्याहून चांगली. म्हणजे मार्च-एप्रिल १८४३ मध्ये मालवण-वेंगुर्ल्याच्या खलाशांना रात्री दक्षिणेला दोन अगस्ती दिसत असणार! त्या काळात मुंबईत भाऊ महाजनांचं प्रभाकर हे वर्तमानपत्र निघत होतं, केरूनाना छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत काम करत होते. माझं तर स्पष्ट मत आहे की आपल्या इतिहासाच्या अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रं आणि मोडी दप्तरं फक्त लढाया आणि सनदांसाठी उघडू नयेत, आकाशातल्या गोष्टींसाठीही उघडावीत.

ऑस्ट्रेलियातल्या बूराँग लोकांनी मात्र तिची नोंद आपल्या कथेत करून ठेवली. त्यांच्या कथेत अगस्ती म्हणजे कावळा आणि ईटा म्हणजे त्या कावळ्याची बायको. १८५८ मध्ये स्टॅनब्रिज नावाच्या माणसानं त्यांच्याकडून ऐकून ते लिहून ठेवलं. आपल्याकडे ती चांदणी एवढी ठळक राहिली असती तर तिला नक्की लोपामुद्रा म्हटलं असतं.

हर्शेलांचं अजून एक, सांगितल्याशिवाय राहवत नाही. ईटा भडकली त्याच साली, १८३७ मध्ये, केपला जॉनला मुलगा झाला, त्याचंही नाव जॉन. तो मोठा होऊन हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्यात आला आणि १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण त्यानं पाहिलं ते जमखंडीहून, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानातून.

बरं, ईटाला झालं काय होतं? १८४३ नंतर ती मंद होत गेली, पंचवीसेक वर्षांत नुसत्या डोळ्यांना दिसेनाशी झाली, पुढे विसाव्या शतकात सावकाश वर आली, आज ती चौथ्या प्रतीच्या आसपास आहे. तो स्फोटच होता, पण तारा वाचला. ईटा म्हणजे एक नाही, दोन राक्षसी तारे आहेत, साडेपाच वर्षांत एकमेकांभोवती फिरतात, दोघांचं मिळून वस्तुमान शंभर सूर्यांच्या वर. १८४० च्या सुमारास त्यातून दहा सूर्यांहून जास्त माल बाहेर फेकला गेला. हबल दुर्बिणीचा फोटो नेटवर सहज मिळेल, भुईमुगाच्या शेंगेसारखे धुळीचे दोन फुगे दिसतात, आणि ते अजूनही ताशी २० लाख किलोमीटरच्या वर वेगानं फुगताहेत. त्या धुळीनंच तारा झाकला. आणखी गंमत म्हणजे त्या स्फोटाचा थोडा प्रकाश लांबच्या धुळीवर आपटून वळसा घेऊन उशिरा पोचतोय, २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी तो पकडला. हर्शेलच्या काळातला तो उजेड, आजच्या उपकरणांनी तपासला!

वेळ थोडा राहिलाय, बाकीचं भरभर सांगते. ईटाभोवतीचा कॅरिना नेब्युला आपल्यापासून सुमारे साडेसात हजार प्रकाशवर्षं दूर आहे, मृगातल्या तेजोमेघापेक्षा कितीतरी मोठा. जुलै २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीचे पहिले फोटो आले, त्यातला तो तांबूस डोंगरकड्यांसारखा फोटो आठवतोय? तो याच भागातला. जवळच थीटा ताऱ्याभोवती एक तारकागुच्छ आहे, त्याला दक्षिणेची कृत्तिका म्हणतात, तोही लाकायनंच नोंदवला. आणि एनजीसी ३५३२ हा गुच्छ, हर्शेलचा आवडता, हबलनं मे १९९० मध्ये पहिला फोटो काढला तो याचाच. बुलेट क्लस्टर नावाची दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या महासमूहांच्या, दोन झुंडींची टक्करही याच दिशेला, पण खूप पलीकडे, अदृश्य द्रव्याचा एक भक्कम पुरावा तिथे मिळाला. त्यावर वेगळा कार्यक्रम करावा लागेल.

एक सावधानता. इथले दोन आणि व्हेलातले दोन तारे मिळून एक क्रूस दिसतो, लोक त्यालाच त्रिशंकू, म्हणजे दक्षिणेचा खरा क्रूस समजतात. त्रिशंकू लहान आणि जास्त ठळक आहे, आणि नंतर उगवतो. आधी दिसतो तो खोटा, नंतर येतो तो खरा.

ईटा पुन्हा फुटेल का, असं मुलं नेहमी विचारतात. फुटेल, आणि तेव्हा सुपरनोव्हा होईल, म्हणजे ताऱ्याचा शेवटचा प्रचंड स्फोट, उद्या किंवा हजारो वर्षांनी. एवढ्या अंतरावरून आपल्याला काही धोका नाही. पण ती फुटली तर ते आधी कळणार त्याला, ज्याला तो भाग तोंडपाठ आहे. म्हणून एक वही घाला. मोबाइलवरचं ॲप बाजूला ठेवा, ॲप तारा कुठे असायला हवा ते सांगतं, आज तो किती तेजस्वी आहे ते तुमच्या डोळ्यांनीच बघावं लागतं. तारीख, वेळ, कुठला तारा कुठल्यापेक्षा जास्त, बस, एवढंच लिहायचं.

एप्रिलच्या शेवटी रात्री नऊच्या सुमारास, चंद्र नसेल तेव्हा, दक्षिणेकडे मोकळं क्षितिज असलेली जागा बघा. वेंगुर्ल्याहून ईटा चौदा-पंधरा अंशांवर असेल. साधी बायनॉक्युलर न्या, तेजोमेघाचा धूसर ठिपका आणि त्यात तांबूस ईटा दिसेल. समुद्रावर धुरकट असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. काय दिसलं ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा, मी एकेक पत्र वाचते. पुढच्या भागात नरतुरंगाकडे जाऊ. नमस्कार.