रेडिएटरच्या प्लॅस्टिकला तडा गेला तर

नमस्कार मंडळी. आज गाडीच्या रेडिएटरबद्दल बोलूया, म्हणजे त्याच्या प्लॅस्टिकच्या टाकीला तडा जातो ना, त्याबद्दल. बॉनेट उघडलं की समोर जी बारीक जाळी दिसते ती ॲल्युमिनियमची, आणि तिच्या दोन बाजूंना किंवा वर-खाली ज्या काळ्या टाक्या असतात त्या नायलॉनच्या, काचेचे तंतू घालून मजबूत केलेल्या. हे नायलॉन वर्षानुवर्षं गरम-गार होत राहतं, वरून जुनं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आतून त्याला खात राहतं, मग ते ठिसूळ होतं आणि बहुतेक वेळा होज पाइप बसतो त्या तोंडापाशी चीर पडते.

गंमत म्हणजे गार गाडीत गळती दिसतच नाही. इंजिन तापलं, आत प्रेशर आलं की चीर उघडते, थोडंसं कूलंट बाहेर येतं आणि गरम टाकीवरच वाळून जातं. खाली थेंबही पडत नाही, पण टॉर्च मारून बघा, पांढरट किंवा हिरवट खपली धरलेली दिसेल. तीच जागा.

आता हात घालण्याआधी एक गोष्ट, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय, गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं कूलंट शंभर डिग्रीच्या वर गेलेलं असू शकतं, प्रेशरमुळे ते उकळत नाही एवढंच, झाकण फिरवलं की उसळून थेट तोंडावर येतं.

चीर टाकीच्या सपाट भागावर असेल तर दुरुस्ती करून बघायला हरकत नाही. पण जिथे ॲल्युमिनियमची पट्टी दुमडून टाकी आवळलेली असते, आत रबरी गॅसकेट असतं, त्या सांध्यातून गळत असेल तर वरून काहीही थापून उपयोग नाही, नवीन रेडिएटरच घ्या.

दुरुस्तीत सगळा खेळ आधीच्या तयारीचा आहे. ओल्या भिंतीला रंग धरत नाही तसं कूलंट मुरलेल्या चिरेला इपॉक्सी, म्हणजे कडक होणारा मजबूत गोंद, धरत नाही. म्हणून कूलंट चिरेच्या खाली उतरवा, जागा धुवा, हेअर ड्रायरने पूर्ण कोरडी करा. चिरेच्या दोन्ही टोकांना दोन मिलिमीटरचं छोटं भोक पाडा, कारण ताण टोकावरच गोळा होतो आणि भोक नसेल तर चीर पॅचच्या पुढे सरकते. मग चीर थोडी खोदून व्ही आकार द्या, आजूबाजूला सँडपेपर मारा, चकाकी गेली पाहिजे, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नंतर बोट लावू नका. दोन भागांचं, जास्त तापमान सोसणारं इपॉक्सी घ्या (पाकिटावर आकडा वाचा, १२० डिग्रीच्या वरचा हवा), ते भोकांत आणि खाचेत दाबून भरा, वर फायबरग्लासच्या कापडाचा तुकडा आणि परत इपॉक्सीचा थर. पाकिटावर वेगळं लिहिलं नसेल तर २४ तास तसंच ठेवा, घाई नको.

सुपरग्लू आणि सिलिकॉन इथे टिकत नाहीत. प्लॅस्टिक वेल्डिंग करता येतं, पण रॉड नायलॉनचाच पाहिजे, दुसऱ्या प्लॅस्टिकचा वितळतो पण एकजीव होत नाही. आत ओतायचं लीक बंद करणारं औषध मला आवडत नाही, ते हीटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसतं.

काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका हां, एथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही मरतात.

पॅच सुकला की कूलंट भरा, आत अडकलेली हवा काढा, फॅन सुरू होईपर्यंत गाडी उभी चालू ठेवा आणि त्या जागेकडे बघत राहा. कोरडं राहिलं तर नवीन रेडिएटर येईपर्यंत चालवा, रोज सकाळी गार इंजिनवर कूलंटची लेव्हल बघा, आणि टेम्परेचरचा काटा वर सरकला तर "घर जवळच आहे" असं म्हणून पुढे रेटू नका, बाजूला घेऊन इंजिन बंद करा, कारण इंजिनचं हेड (वरचा धातूचा भाग) वाकलं तर तो खर्च रेडिएटरच्या कितीतरी पट असतो.