लघवीच्या पिशवीचा कॅन्सर : गाठ आत कधी घुसते?

लघवीतून रक्त गेलं पण दुखलं काहीच नाही, ब्लॅडरचा कॅन्सर बऱ्याचदा असाच कळतो, आणि दुखत नाही म्हणून माणूस आज बघू उद्या बघू करत राहतो, तसं करू नका, एकदाच रक्त दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा.

आता जरा पिशवीच्या आत बघू. आतल्या अस्तरात पेशींचे थर असतात एकावर एक, आणि लघवीत ईजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर असतो, चांगला भरपूर असतो, म्हणजे पेशींना वाढायला लावणारं प्रोटीन रोज तिथंच साठतंय. मग अस्तर वाढत का नाही? कारण हे प्रोटीन ज्याला चिकटतं तो रिसेप्टर, ईजीएफआर, निरोगी अस्तरात मुख्यतः सगळ्यात खालच्या थरावर असतो आणि लघवी तिथवर पोचतच नाही. कॅन्सर झाला की तोच रिसेप्टर वरच्या थरांवरही दिसायला लागतो, मग लघवीतला ईजीएफ थेट त्याला लागतो. 1985 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डेव्हिड नील आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये दाखवलं की वरवरच्या गाठींपेक्षा खोल घुसलेल्या गाठींवर हा रिसेप्टर जास्त सापडतो.

दुसरा रिसेप्टर एफजीएफआर3, आणि याचं प्रकरण वेगळंच आहे. 1999 साली फ्रान्समधल्या संशोधकांना ब्लॅडरच्या गाठींमध्ये याच्या जीनमधले बदल सापडले. सगळ्यात जास्त दिसणारा बदल फक्त एका अमिनो अ‍ॅसिडचा, म्हणजे प्रोटीनच्या माळेतल्या एका मण्याचा, 249 नंबरच्या जागी सेरीन जाऊन सिस्टीन येतं, आणि त्यामुळे दोन रिसेप्टर एकमेकांना कायमचे जोडले जातात, बेलचं बटण आत अडकून बसावं तसं, बाहेरून कुणी दाबायची गरजच उरत नाही. एवढं असूनही हा बदल जास्त करून सौम्य, वरवरच्या गाठींत मिळतो, त्या दुर्बिणीतून काढल्या तरी पुन्हा पुन्हा येतात पण स्नायूत क्वचितच घुसतात. घुसणाऱ्या बऱ्याच गाठींचा रस्ता दुसरा, तिथं पी53 सारखे पेशींना आवरणारे जीन बिघडलेले असतात. मला तरी यातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, गाठ जोरात वाढते म्हणजे ती पसरणारच असं नाही.

ईजीएफआर अडवणाऱ्या औषधांनी या कॅन्सरमध्ये फारसा फायदा दिला नाही. एफजीएफआरवर मात्र एर्डाफिटिनिब नावाची गोळी आली, 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, मंजूर केली. आधी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढवणारी औषधं) घेतलेल्या, कॅन्सर पसरलेल्या पेशंटमध्ये नंतर मोठी ट्रायल झाली, त्यात केमोवर मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट त्याहून जास्त जगतात तो आकडा) 7.8 महिने होतं ते या गोळीवर 12.1 महिने झालं. त्रासही आहे, रक्तात फॉस्फेट वाढतं, नखं खराब होतात, डोळे सारखे तपासावे लागतात. आणि ही गोळी सगळ्यांसाठी नाही, एफजीएफआर3 च्या जीनमध्ये ठरावीक बदल असतील तरच देतात, म्हणून बायॉप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, नीट जपून ठेवा आणि आजार पसरलेला असेल तर एफजीएफआरची टेस्ट करायची का हे ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, स्पष्ट विचारा.