बाटलीवरचं नाव आणि आतला वास

(साताऱ्यातल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, या दोन पुड्या पहिल्या रांगेतून मागे जाऊ द्या. एकीत दगडफूल आहे. गोड्या मसाल्यासाठी आपल्या घराघरात येतं तेच, वरून राखाडी, खालून काळं, कडा वळलेल्या. दुसरीत ओकमॉस आहे. ओकच्या सालीवर वाढणारं, हिरवट, हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेलं. दोन्ही एकाच कुळातली. बुरशी आणि शैवाल एका देहात नांदतात, ते हे. महाबळेश्वरच्या रानात खोडाखोडावर यांचे भाऊबंद दिसतील.

दगडफुलाला कच्चं असताना फारसा वास नसतो. चमचाभर तेलात परतलं की मात्र ते जागं होतं आणि सगळ्या मसाल्याला खालून धरून ठेवतं. परफ्यूममध्ये ओकमॉसचा अर्क हेच काम करतो. ओल्या मातीचा, सालीचा, किंचित शाईसारखा वास, त्वचेवर तासन्‌तास टिकणारा. १९१७ साली फ्रेंच सुगंधकार फ्रान्स्वा कोटी यांनी ‘शीप्र’ नावाचं परफ्यूम काढलं आणि १९१९ मध्ये जाक गेर्लां यांनी ‘मित्सुको’. वर बर्गमॉटचा लिंबाळ ताजेपणा, मध्ये जाई-गुलाब आणि पिकलेल्या पीचचा गोडवा, तळाशी ओकमॉस. त्या तळामुळेच वरचा गोडवा सरबती होत नाही.

आता अडचण सांगतो. या अर्कात अट्रानॉल आणि क्लोरोअट्रानॉल अशी दोन द्रव्यं असतात. काहींच्या त्वचेला त्यांचं वावडं असतं, आणि एकदा ते जडलं की सहसा जन्मभर जात नाही. पुढे अगदी सूक्ष्म मात्राही खाज आणि पुरळ उठवायला पुरते. म्हणून सुगंध उद्योगाच्या ‘इफ्रा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ओकमॉसवर मर्यादा घातली. अंगाला लावायच्या तयार परफ्यूममध्ये ०.१ टक्का, बस. युरोपीय संघानं २०१७ च्या नियमानं ही दोन्ही द्रव्यं थेट बंद केली. ऑगस्ट २०२१ नंतर ती असलेला माल तिथे विकता येत नाही. त्याच नियमात लायरलही गेलं, आणि पुढे वेगळ्या नियमानं मार्च २०२२ पासून लिलियल. ही दोन्ही कृत्रिम द्रव्यं. म्हणजे नैसर्गिक ते निर्धोक आणि कृत्रिम ते घातक, हा हिशेब इथे चालत नाही.

‘जुनंच चालू ठेवायला काय हरकत होती?’ असं रसिक कळकळीनं विचारतात. माझं उत्तर स्वच्छ आहे. हरकत होती. कुणाच्या मानेवर चट्टे उठवून मिळणारा सुगंध मला नको. कस्तुरीचंही तेच. नर कस्तुरीमृगाच्या पोटाखालच्या ग्रंथीसाठी त्याला मारत. आज आपल्याकडे तो वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, आणि हे योग्यच झालं.

माझी तक्रार आहे ती वेगळी. अशा नियमांमुळे परफ्यूमची रचना बदलते आणि बाटलीवर त्याचा एक शब्द नसतो. तेच नाव, तोच खोका. वीस वर्षांनी तेच परफ्यूम विकत घेणारी बाई समजते की आपलंच नाक म्हातारं झालं. हे मला सहन होत नाही. बदल चांगलाही असू शकतो. ओकमॉसमधून नेमकी ती दोन द्रव्यं वेगळी काढायची पद्धत निघाली, आणि गेर्लां कंपनीचे सुगंधकार तिएरी वासर यांनी तसा अर्क वापरून ‘मित्सुको’ला पुन्हा जुन्या वळणावर आणलं. एवढं नाजूक काम लपवायचं कशाला?

फ्रान्समध्ये व्हर्सायला ‘ऑस्मोतेक’ नावाची संस्था १९९० पासून आहे. जुनी परफ्यूम्स मूळ सूत्राबरहुकूम तयार करून ती आरगॉन वायूखाली, १२ अंश तापमानात, अंधारात जपली जातात. ती विकायला नसतात, हुंगायला असतात. चित्र पाहायला संग्रहालय हवं हे आपल्याला पटतं, मग वासाला का नको?

आणि आपल्या घरातलं पाहा. कनौजला तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी तापवतात, वाफ नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात उतरते, भपक्यात चंदनाचं तेल. रोज ताजी फुलं, तेल तेच. चंदन मुरत्या वासाला धरून ठेवतं. हळदीकुंकवाला मनगटावर लावलेलं अत्तर दुसऱ्या दिवशीही पदराला यायचं, ते या तेलाच्या जोरावर. चंदनाची झाडं घटली, तेल महागलं, आणि पुष्कळ ठिकाणी भपक्यात लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल आलं. त्याला स्वतःचा गंधच नाही. नाव मात्र तेच, गुलाब, मोगरा, केवडा. स्वस्त अत्तर मिळावं याला माझी ना नाही. सगळ्यांना चंदन परवडणार कसं? पण दुकानदारानं ते सांगायला हवं.

परफ्यूम कंपन्यांकडे माझं मागणं एकच आहे. रचना ज्या वर्षी बदलली ते वर्ष बाटलीच्या तळाशी छापा. आणि तुमच्याकडे हे, की पुढच्या वेळी अत्तर घेताना फाया नाकाशी नेण्याआधी विचारा, यात तेल चंदनाचं आहे की पॅराफिन?