अळू नव्हे, रुबार्ब

नमस्कार श्रोतेहो.

जून म्हणजे मिनेसोटात घरं बदलण्याचे दिवस. आपल्यापैकी कुणी ना कुणी या आठवड्यात नव्या घरात सामान लावत असणार. त्या घराच्या मागे, गॅरेजच्या भिंतीलगत, कदाचित एक झुडूप असेल. गुडघ्याच्या वर आलेलं, सुपाएवढी पानं, खाली जाड लालसर देठ. ते बघितलं की आपल्या माणसाला एकच गोष्ट आठवते. अळू.

मलाही तेच आठवलं होतं. मी वाईची. आमच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू माजायचं, आणि श्रावणात आई त्याच्या वड्या करायची. सेंट पॉलमधल्या आमच्या पहिल्या घरामागे ती पानं दिसली तेव्हा अळूवडी खाऊन मला चार वर्षं झाली होती. मी सहा मोठी पानं खुडली, धुऊन ओट्यावर पालथी घातली आणि बेसन कालवायला घेतलं. तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या आजी होत्या. ऐंशीच्या घरातल्या, कधी कुंपणाच्या अलीकडे न येणाऱ्या. मला पानं आत नेताना त्यांनी पाहिलं होतं. धापा टाकतच त्यांनी विचारलं, खाल्लीत का? मी नाही म्हटल्यावर त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, पानं फेकून दे, देठ तेवढे खायचे असतात.

म्हणून आधी हे सांगते. ते झुडूप रुबार्बचं, आणि रुबार्बची पानं विषारी असतात. अळूतही ऑक्झलेट असतं, पण ते मुख्यतः कॅल्शियमचं, न विरघळणाऱ्या बारीक सुयांसारखं. त्यानं घसा खाजतो, आणि चिंच घालून नीट शिजवलं की आपण निभावून नेतो. रुबार्बच्या पानात विरघळणारं ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. ते चिंचेनं जात नाही, वाफवून जात नाही, तळूनही जात नाही, आणि त्याचा मारा मूत्रपिंडावर होतो. घरात भारतातून आलेले आईवडील असतील तर त्यांना झुडूप दाखवून हे नक्की सांगा. अळूवडीची आठवण त्यांना आपल्यापेक्षा लवकर येते. देठातही हे आम्ल थोडं असतं. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं.

रुबार्बचं नातं अळूशी नाहीच. ते आहे आंबट चुक्याशी. दोघं एकाच कुळातले. अळूच्या फतफत्यात आपण आंबटपणासाठी जो चुका घालतो, त्याचा हा थंड प्रदेशातला दांडगा भाऊ. देठ कच्चा चावून बघा, जिभेला ओळख पटेल.

आणि याच्या एका जातीचं मूळ आपल्या घरात पूर्वीपासून होतं. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी रेवाचिनी म्हणजे रुबार्बचं वाळवलेलं मूळ. पोट साफ करायला वैद्य द्यायचे. चीनमधून हे मूळ शेकडो वर्षं युरोपात औषध म्हणून जात होतं आणि भारी किमतीला विकलं जात होतं. देठ मात्र कुणी फारसं खात नसे, कारण एवढा आंबटपणा गोड करायला साखर परवडायची नाही. साखर स्वस्त झाली तशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात देठ स्वयंपाकघरात आला, आणि तिथून अमेरिकेत. इथल्या जुन्या शेतकरी घरांत त्याला ‘पाय-प्लांट’ म्हणत; पाय (pie) म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. आमच्या आजी तेच नाव वापरायच्या. सहा महिने बर्फाचे. जमिनीतून वर येणारं खाण्याजोगं पहिलं ताजं काही असेल तर हेच, मग त्याचा पाय व्हायचा. खरं तर ही भाजी. पण १९४७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या सीमाशुल्क न्यायालयानं निकाल दिला की इथले लोक याचा उपयोग फळासारखा करतात, म्हणून जकातीपुरतं याला फळच समजावं. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या लेखी तो प्रश्न कधी नव्हताच.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते असं. आपला स्वयंपाक उष्णतेचा. मोहन कडकडीत हवं, तेल तापलेलं हवं, पोळी तव्यावरून थेट ताटात हवी. आज सांगते तो रुबार्ब आणि स्ट्रॉबेरीचा पाय तसा नाही. याला तीनदा थंडी लागते, आणि तिन्ही वेळा आपला हात घाई करतो. माझे पहिले दोन पाय त्या घाईनंच बिघडले.

पहिली थंडी झाडाची. रुबार्बचा गड्डा हिवाळ्यात जमिनीखाली गारठून झोपला नाही, तर वसंतात जोमानं फुटत नाही. ज्या थंडीला आपण जानेवारीभर नावं ठेवतो, ती या देठात उतरलेली असते. वाईच्या उन्हात हे झाड तगणार नाही. गड्डा नवीन लावला असेल तर पहिल्या वर्षी देठ काढू नका, मुळाला जोर धरू द्या. काढताना सुरी लावायची नाही. देठ बुडाशी धरायचा, जरासा पिळायचा आणि ओढायचा, अलगद सुटतो. एका वेळी निम्म्याहून जास्त काढायचे नाहीत. मधूनच फुलाचा दांडा वर आला तर तो लगेच मोडायचा. आणि जून संपला की थांबायचं, कारण पुढची पानं पुढच्या वर्षीची शिदोरी साठवत असतात.

स्ट्रॉबेरी दुकानातली कॅलिफोर्नियाची चालेल, पण मला इथली जूनमधली शेतावरची आवडते. लहान, आतपर्यंत लाल, दोन दिवसांत खराब होणारी. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात आमच्या वाईच्या बाजारात यायची, तिच्या वासाशी हिचा वास जुळतो. या फळाचा जन्मही प्रवासातला. १७१४ साली फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं चिलीहून काही रोपं फ्रान्समध्ये नेली. तिथं उत्तर अमेरिकेतली रानजात आधीच पोचलेली होती, आणि दोघींच्या संकरातून आजची बागेतली स्ट्रॉबेरी आली. महाबळेश्वरच्या मळ्यातली तिचीच लेक.

दुसरी थंडी पारीची. कागद-पेन्सिल घ्या.

अडीच कप मैदा, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम. बिनमिठाच्या बटरच्या दोन कांड्या, म्हणजे २२५ ग्रॅम, फ्रीजमधून थेट काढलेल्या. चहाचा एक चमचा मीठ, एक मोठा चमचा साखर. आणि बर्फ घातलेलं पाणी, सहा ते आठ मोठे चमचे. बटरचे चौकोनी तुकडे करून मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे, पण शंकरपाळ्यांच्या मोहनासारखे पार जिरवायचे नाहीत. वाटाण्याएवढ्या गोळ्या राहिल्या पाहिजेत. का, ते सांगते. साट्याच्या करंज्या तुम्ही केल्या असतील. पारीवर तुपाचा साटा लावून आपण पापुद्रे वेगळे ठेवतो. इथं बटरच्या गोळ्याच साट्याचं काम करतात. लाटताना त्या चपट्या होतात, ओव्हनमध्ये वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती मैद्याचे थर उचलते. बटर हातातच वितळलं तर ते मैद्यात मुरतं आणि पापुद्रे सुटत नाहीत. माझं पहिल्यांदा तेच झालं. मी कणीक तिंबावी तसा गोळा दहा मिनिटं मळला होता. पारी इतकी चिवट झाली की सुरीनं कापेना. तेव्हा, मळायचं नाही. मुठीत दाबल्यावर गोळा धरला की पुरे. त्याचे दोन भाग करा, चपटे करा, गुंडाळून फ्रीजमध्ये निदान एक तास ठेवा. लाटताना मऊ पडायला लागलं तर लाजू नका, पोळपाटासकट पुन्हा आत ठेवा.

सारण सोपं आहे, पण पाण्याचं आहे. रुबार्बमध्ये शंभरात चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाणीच असतं, स्ट्रॉबेरीतही नव्वदच्या वर. साखर घातली की ते सगळं बाहेर येतं. म्हणून ४५० ग्रॅम देठ, अर्ध्या इंचाचे तुकडे, ३५० ग्रॅम स्ट्रॉबेरी, मोठी असेल तर अर्धी केलेली, एक कप साखर, चिमूटभर मीठ, संत्र्याची थोडी किसलेली साल, आणि पाणी धरून ठेवायला पाव कप टॅपिओका. टॅपिओका म्हणजे आपला साबुदाणाच, त्याच कंदाचा. उपासाचा कोरडा साबुदाणा मिक्सरमध्ये बारीक दळून घ्या. कॉर्नफ्लोअरनंही जमतं, पण आंबट रसात ते फार वेळ उकळलं तर ढिलं पडतं आणि रस गढूळ दिसतो. साबुदाण्यानं तो काचेसारखा लाल राहतो. सगळं कालवून पंधरा मिनिटं ठेवा. दालचिनी घालू नका. मी वेलचीही घालून पाहिली आहे; दोन्ही फळांच्या आधी तीच बोलते.

एक पारी नऊ इंची पॅनमध्ये बसवा, सारण भरा. दुसरीच्या कातणानं पट्ट्या कापा आणि बाज विणतात तशी एकाखालून एकावरून जाळी विणा. जाळी शोभेची नाही, तिच्यातून वाफ जाते आणि रस आटतो. कडेला करंजीसारखी मुरड घाला. आपल्या बायकांची मुरड बघून आजींनी त्यांच्या चर्चमधल्या मैत्रिणींना बोलावून आणलं होतं.

वरून दुधाचा हात आणि थोडी साखर. पाय पुन्हा वीस मिनिटं फ्रीजमध्ये. ओव्हन ४२५ फॅरनहाइट, म्हणजे २२० सेल्सिअस. खाली ट्रे ठेवा, रस उतू जातो. वीस मिनिटांनी आच ३७५ वर, १९० सेल्सिअसवर आणा आणि आणखी चाळीस ते पन्नास मिनिटं. घड्याळापेक्षा मधोमध बघा. कडेला बुडबुडे लवकर येतात, त्यांना भुलू नका. मध्यावर जाड, संथ बुडबुडे फुटायला लागले की साबुदाणा शिजला. तोवर वरचा रंग गडद व्हायला लागला तर फॉइल टाका.

आणि तिसरी थंडी, जिच्यात सगळे हरतात. घरभर वास सुटलेला असतो, मुलं ओट्याशी उभी असतात, आणि आपल्याला गरम वाढायची सवय. माझा दुसरा पाय मी वीस मिनिटांत कापला; ताटात नुसता रस्सा आला. तो घट्ट होतो तो निवतानाच. चार तास लागतात. आजी संध्याकाळी भाजून खिडकीत ठेवायच्या आणि सकाळी न्याहारीला कापायच्या. तेव्हा कुणी ओट्याशी उभं नसतं.

आजी आता त्यांच्या मुलाकडे विस्कॉन्सिनला असतात. जाण्याआधीच्या एप्रिलमध्ये त्यांच्या कुंपणालगतचा गड्डा त्यांनी माझ्याकडून फोडून घेतला. एक भाग त्यांनी ओल्या गोणपाटात बांधून सोबत नेला, दोन मला दिले. या एप्रिलमध्ये मी माझे फोडले. एक पलीकडच्या घरातल्या नव्या मुलीला दिला. ती नांदेडची आहे, आणि तिनं आधी विचारलं, मावशी, याची वडी होते का?

कापताना पहिला तुकडा मोडतोच, तो बाजूला काढून ठेवा. दुसऱ्यापासून नीट सुटतात. नमस्कार.