मिलिट्रीत टाकू, सरळ होईल

नमस्कार मंडळी. मी पुण्यात धनकवडीत राहतो, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि आता रोज सकाळी तळजाई टेकडीवर भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पळवतो. क्लास नाही, फी नाही, पोरं येतात आणि मी स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो एवढंच. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की आईवडील पत्ता शोधत घरी येतात, आणि सगळ्यांचं वाक्य एकच असतं, "याला मिलिट्रीत टाकू म्हणतोय, जरा सरळ होईल."

हे वाक्य मला फार लागतं. आज त्यावरच बोलणार आहे.

मागच्या जूनमध्ये एक ताई आल्या, हातात प्लास्टिकची फाइल, मार्कलिस्टच्या झेरॉक्स, डोमिसाइल, सगळं लावून आणलेलं. सोबत मुलगा, नुकतंच अठरावं सरलेलं. आमच्या खुर्चीचं रेक्झिन एका जागी फाटलंय, पोरगा त्या भोकात बोट घालून आतला स्पंज काढत बसलेला. मी विचारलं किती वाजता उठतोस, उत्तर आईने दिलं. मी विचारलं काय आवडतं तुला, तेही आईनेच सांगितलं, "काही नाही हो दादा, काहीच आवडत नाही याला." मग मी आमच्या हिला म्हटलं ताईंना आत ने, चहा टाक. दोघंच राहिलो तेव्हा बऱ्याच वेळाने तो बोलला, "काका, दिवसभर पडून राहतो पण झोप लागत नाही. आणि उठून करू काय?"

आता याला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. ज्या पोराला झोप नाही, भूक नाही, मित्र नकोसे झालेत त्याला आधी डॉक्टरकडे न्या, नाहीतर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, त्यावर बोलू द्या. बॅरक म्हणजे दवाखाना नव्हे. मनाने खचलेल्या पोराच्या हातात रायफल द्यायची घाई करू नका, हे मी हात जोडून सांगतो.

बाकी ज्यांना नुसता अभ्यासाचा कंटाळा आहे त्यांचं वेगळं. मलाही पुस्तक नकोच असायचं, पण पळायला कुणी सांगावं लागलं नाही. आमच्या साताऱ्याकडे अपशिंगे गाव आहे, अपशिंगे मिलिटरीच म्हणतात त्याला, तिकडं पोरगं चालायला लागल्यापासून घरात वर्दी बघतं. शहरातल्या पोराने फौज बघितलेली असते ती रीलमध्ये, किंवा रविवारी खडकवासल्याला गेल्यावर बाबा लांबून बोट दाखवतात, ती बघ एनडीए. त्या एनडीएला जायचं तर गणित ३०० मार्कांचं आणि जनरल ॲबिलिटी ६०० मार्कांची, दोन्ही पेपर यूपीएससीचे, आणि त्यानंतर पाच दिवस एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडायच्या मुलाखती आणि चाचण्या. पाच दिवस माणूस खोटी इच्छा दाखवू शकत नाही हो, तिथं बसलेल्यांना कळतंच.

शिपाई म्हणून जायचं तर आता अग्निवीर. साडेसतरा वर्षं पूर्ण लागतात, जनरल ड्यूटीला दहावीला ४५ टक्के लागतात, आधी ऑनलाइन परीक्षा, मग ग्राउंड. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढलं तर पूर्ण ६० मार्क, बीमवर दहा पुलअप मारले तर ४०, नऊ फुटी खड्ड्यावरून उडी, मग मेडिकल. माझ्याकडची पोरं यासाठी वर्ष-वर्ष घाम गाळतात तरी अर्धी बाहेर राहतात. म्हणजे तुम्ही 'टाकू' म्हणताय पण टाकायला ती काय पिशवी आहे का, तिथं घ्यायला बसलेत ते आधी इच्छा बघतात. आपल्याकडे सक्ती नाही, कोरिया किंवा इस्रायलसारखी, जो येतो तो आपणहून आलाय असंच धरून फौज चालते.

तरी समजा लागला. मग काय होतं ते मी बघितलंय.

बेळगावला ट्रेनिंगमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर एक जण होता, वडिलांनी मागे लागून पाठवलेला. अंगाने दणकट, फॉलिनला, म्हणजे रांगेत उभं राहायला, कधी उशीर नाही, बूट असे चमकवायचा की त्यात आपलं तोंड दिसावं, उस्ताद खूश. पण रविवारी दुपारी, ज्या दोन तासांत कुणी ओरडत नसायचं, तेव्हा बाकीचे पत्रं लिहायचे, व्हॉलीबॉल खेळायचे, आणि हा खाटेवर उताणा पडून पंख्याकडे बघत राहायचा. सतरा वर्षं नोकरी केली त्याने, कुठं नाव खराब केलं नाही. रिटायर झाला त्या वर्षी मी त्याच्या गावी गेलो तर सकाळचे दहा वाजलेले आणि हा ओट्यावर बसलेला. मला म्हणाला, "उठवणारं कुणी नाही रे आता."

त्या दिवसापासून मला एक कळलंय. फौज तुम्हाला कधी उठायचं, काय घालायचं, कुठं उभं राहायचं सगळं ठरवून देते, आणि ज्याला स्वतःहून काही ठरवता येत नाही त्याला ते सुरुवातीला बरंही वाटतं, घरचे म्हणतात बघा सुधारला. पण ते उसनं असतं. आमच्या वेळी ते पंधरा-सतरा वर्षं पुरायचं, वर पेन्शन होती. २०२२ पासून अग्निवीराला चार वर्षं, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे ठेवतात, म्हणजे चारातले निदान तिघं बाविशी-तेविशीत घरी, पेन्शन नाही, सेवानिधी म्हणून एकरकमी व्याजासकट साडेअकरा लाखांच्या आसपास मिळतात. ज्याला काही करायचंय त्याच्यासाठी तो पैसा आणि ती चार वर्षं सोनं आहे, मी स्वतः अशा पोरांना बस स्टँडवर सोडायला जातो. पण ज्याचा प्रश्न "उठून करू काय" हा होता, तो चार वर्षांनी तोच प्रश्न घेऊन परत आला तर? तेव्हा वडीलही थकलेले असतील.

ताईंना म्हटलं, आधी कॉलेजला ॲडमिशन घेऊ दे, एनसीसी असेल तर नाव घालू दे, तिथं परेड आहे, कॅम्प आहे, नाही जमलं तर बाहेर पडता येतं, आणि जमलं तर सी सर्टिफिकेटचे भरतीत बोनस मार्क मिळतात. पोराला भरती हो म्हणालो नाही, होऊ नको असंही नाही. एवढंच सांगितलं, उद्या पावणेसहाला तळजाईवर ये, आईने उठवायचं नाही.

दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, चपला घालून. मी काही बोललो नाही. आता आठवड्यातून चारेकदा येतो, डॉक्टरांकडेही जातोय, पळत मात्र नाही, कडेने चालतो. मागच्या आठवड्यात माझ्याजवळ येऊन म्हणाला, काका स्टॉपवॉच मी धरू का. धरलं, आणि एकेका पोराचा टाइम मोठ्याने ओरडून सांगायला लागला, मग म्हणाला हे कुठं लिहून ठेवत नाही का तुम्ही. मी म्हटलं नाही बाबा.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला, घरात कोरी वही शोधतोय म्हणून.